गोठवलेले स्त्रीबीज आणि ‘प्रायोगिक’ हा शिक्का

कर्करोगावरची केमो (औषधोपचार) सुरू होण्याआधी शुक्राणू गोठवून ठेवा, हे पुरुष रुग्णाला सांगणे आता नेहमीचे झाले आहे. स्त्रियांच्या बाबतीत हेच वाक्य सरळपणे उच्चारायला कितीतरी वर्षे जास्त लागली. त्याला शरीर जेवढे जबाबदार, तेवढाच एक शब्दही जबाबदार आहे: ‘प्रायोगिक’.

पुरुषांची हकिकत लवकर संपते. ग्लिसरॉल मिसळले की शुक्राणू गोठूनही जगतात, हे १९४९ मध्ये कळले. अशा शुक्राणूंपासून गर्भ राहिल्याची नोंद १९५३ मध्ये झाली. १९६० च्या दशकात हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर चार औषधांची केमो आली. रुग्ण वाचू लागले, पण त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणूच उरेनात. तेव्हा या सोयीची खरी गरज लक्षात आली. १९९२ मध्ये एकच शुक्राणू स्त्रीबीजात टोचण्याची इक्सी पद्धत आली आणि आजाराने क्षीण झालेला नमुनाही उपयोगी पडू लागला.

स्त्रीबीज इतके सोशिक नाही. आकाराने मोठी आणि पाण्याने भरलेली ही पेशी सावकाश गोठवली की आत बर्फाचे स्फटिक होतात आणि गुणसूत्रांना धरून ठेवणारी नाजूक रचना विस्कटते. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून गर्भ राहिल्याची पहिली नोंद १९८६ ची. पण नंतरची अनेक वर्षे यश तुरळकच होते. फलित होऊन भ्रूण झाला की मात्र तो गोठणे बऱ्यापैकी सोसतो. गोठवलेल्या भ्रूणापासून पहिले बाळ ऑस्ट्रेलियात १९८४ मध्येच जन्मले होते.

म्हणून २००६ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा शुक्राणू आणि भ्रूण गोठवणे एवढेच ‘प्रस्थापित’ ठरले. स्त्रीबीज आणि अंडाशयाचा तुकडा या दोन्ही गोष्टी प्रायोगिक रकान्यात गेल्या. कागदावर हे काटेकोर होते. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की स्त्रीला आपली प्रजननक्षमता राखायची तर आधी एक पुरुष हवा: नवरा, जोडीदार नाहीतर दाता. बावीस वर्षांच्या अविवाहित मुलीने निदानानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत हे कसे ठरवायचे?

जोडीदार असला तरी प्रश्न सुटतोच असे नाही. ब्रिटनमधल्या एका स्त्रीच्या दोन्ही अंडाशयांत कर्करोगपूर्व गाठी सापडल्या. २००१ मध्ये अंडाशय काढण्याआधी तिने जोडीदारासोबत सहा भ्रूण गोठवून ठेवले. नुसती स्त्रीबीजे ठेवता येतील का, असे तिने विचारले होते. त्या केंद्रात ते होत नव्हते. पुढच्या वर्षी नाते तुटले आणि त्याने संमती मागे घेतली. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि २००७ मध्ये ती हरली. कायद्याच्या दृष्टीने निकालाचे समर्थन करता येईल. पण नुसती स्त्रीबीजे ठेवली असती, तर त्यावर दुसऱ्या कुणाच्या संमतीचा प्रश्नच आला नसता.

दरम्यान तंत्र बदलले होते. व्हिट्रिफिकेशनमध्ये स्त्रीबीज इतक्या झपाट्याने थंड करतात की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. पेशीतले पाणी काचेसारखे थिजते. २००५ च्या आसपास ही पद्धत सुटसुटीत झाली. तरी शिक्का निघायला २०१२ उजाडले. त्या वर्षी अमेरिकेतल्याच वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने स्त्रीबीज गोठवणे प्रायोगिक नसल्याचे जाहीर केले. गंमत अशी, की ज्या चाचण्यांच्या आधारे हे ठरले, त्या बहुतांशी निरोगी बीजदात्या आणि आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करण्याचा उपचार) करून घेणाऱ्या जोडप्यांवर झाल्या होत्या. कर्करोगाच्या रुग्णांची आकडेवारी तेव्हाही तोकडीच होती. म्हणजे ‘प्रायोगिक’ हा शब्द धोका मोजत नव्हता, पुरावा किती साठला ते मोजत होता. ऐकणाऱ्या रुग्णाच्या कानावर मात्र तो धोका म्हणूनच पडायचा आणि विमा कंपनीला नकारासाठी तो आयताच मिळायचा. केवळ वय वाढते म्हणून बीज गोठवण्याची शिफारस आम्ही करत नाही, असेही त्या निवेदनात स्पष्ट म्हटले होते. ते वाक्य बाजाराने फारसे मनावर घेतले नाही.

अंडाशयाच्या तुकड्याला आणखी सात वर्षे थांबावे लागले. स्त्रीबीजे काढायची तर इंजेक्शनांचे साधारण दोन आठवडे लागतात. वयात न आलेल्या मुलीला तो मार्गच नसतो. तिच्यासाठी हा तुकडाच काय तो आधार. तो परत बसवल्यावर झालेले पहिले मूल बेल्जियममध्ये २००४ मध्ये जन्मले. मूल ज्या बीजापासून झाले ते बसवलेल्या तुकड्यातले की शरीरात उरलेल्या अंडाशयातले, यावर तेव्हा बराच वाद झाला. पुढे अशी बाळे शंभराच्या वर गेली, तसा तो वाद विरला. २०१९ मध्ये हाही शिक्का निघाला. रक्ताच्या कर्करोगात मात्र तुकड्यासोबत रोगाच्या पेशी परत जाण्याची भीती असते, त्यामुळे तिथे हात आखडता घेतात.

त्याच २०१९ मध्ये, वयात येण्याआधी गोठवलेल्या वृषणाच्या तुकड्यातून मिळालेल्या शुक्राणूपासून माकडाचे पिल्लू जन्मल्याचे प्रसिद्ध झाले. लहान मुलग्यांच्या वृषणाचे तुकडे तेव्हाही काही केंद्रांत जपून ठेवले जात होतेच, पण ‘प्रायोगिक’ म्हणूनच.