उंचीवरचा श्वास आणि मूत्रपिंडांची परवानगी

उंच पर्वतांवर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. टक्क्यांत मोजलं तर हे साफ चूक आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब ७६० मिलिमीटर पारा इतका असतो. साडेपाच हजार मीटरवर तो निम्मा होतो. १९८१ साली ख्रिस पिझो या डॉक्टर गिर्यारोहकाने एव्हरेस्टच्या माथ्यावर तो प्रत्यक्ष मोजला, तेव्हा २५३ भरला.

टक्के तेच असले तरी दाब घटल्याने एवढं काय बिघडतं? ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात शिरतो तो निव्वळ दाबाच्या फरकामुळे. रक्ताला टक्क्यांशी घेणंदेणं नसतं. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाब कमी-जास्त करता येणाऱ्या बंद कोठीत प्रयोग करून हे १८७८ साली सविस्तर मांडलं होतं.

आता थोडं गणित करू, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. नाकातून घेतलेली हवा श्वासनलिकेत पोचेपर्यंत ओलसर होते. या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो आणि तो शरीराच्या तापमानावर ठरतो, त्यामुळे तुम्ही कितीही उंच गेलात तरी बदलत नाही. समुद्रसपाटीला ७६० मधून ४७ गेले, उरले ७१३. त्याचे २१ टक्के म्हणजे सुमारे १४९, हा आत घेतलेल्या ऑक्सिजनचा दाब. एव्हरेस्टवर २५३ मधून ४७ वजा जाऊन २०६ उरतात आणि ऑक्सिजनच्या वाट्याला येतात जेमतेम ४३.

एवढ्यावर भागत नाही. फुप्फुसातल्या वायुकोशांत रक्तातून आलेला कार्बन डायऑक्साइडही असतो आणि त्याचा दाब साधारण ४० असतो. त्याच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ऑक्सिजनला सव्वाएक मिलिमीटरच्या आसपास जागा सोडावी लागते. म्हणजे समुद्रसपाटीला १४९ मधून ४८ गेले, उरले सुमारे १००. ठीक. एव्हरेस्टवर मात्र ४३ मधून ४८ वजा करायचे, म्हणजे उत्तर शून्याच्या खाली!

तरीही ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय त्या माथ्यावर पोचले आणि जिवंत खाली आले. पिझोने माथ्यावर आपल्याच उच्छ्वासाचे नमुने गोळा करून आणले होते. त्यांत कार्बन डायऑक्साइडचा दाब होता फक्त ७.५. इतका जोरजोरात श्वास घेत राहायचं की वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइड जवळपास धुऊन निघावा आणि ती जागा ऑक्सिजनला मिळावी. त्यामुळे पिझोच्या वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब ३५ राहिला होता.

उंचीला सरावणं म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढणं, असं सर्रास लिहिलं जातं. पेशी वाढतात, पण त्याला आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत माणूस तगतो तो श्वासाच्या जोरावर. प्रश्न असा की मग पहिल्या तासापासूनच आपण हवा तेवढा जोरात श्वास का घेत नाही? शरीर घेऊ देत नाही म्हणून.

मानेतली मोठी धमनी जबड्याखाली जिथे दुभंगते, तिथे दोन्ही बाजूंना काही मिलिग्रॅम वजनाची एकेक गाठ असते. तिला कॅरोटिड बॉडी म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन घसरला की ती मेंदूला ‘श्वास वाढव’ असा निरोप धाडते. हे काम उलगडल्याबद्दल कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं. गाडीच्या भाषेत हा अ‍ॅक्सिलरेटर. पण ब्रेक वेगळ्याच ठिकाणी आहे. मेंदूच्या देठाशी असलेल्या काही पेशी ऑक्सिजनकडे बघतच नाहीत. त्यांचं लक्ष असतं आजूबाजूच्या द्रवाच्या आम्लतेवर, म्हणजे पर्यायाने कार्बन डायऑक्साइडवर. तो वाढला की श्वास वाढव, कमी झाला की श्वास आवर, एवढाच त्यांचा नियम.

गुदमरल्याची भावनाही मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे येते, नुसता ऑक्सिजन घटल्याने नाही. १८७५ साली ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच प्रवासी आठ हजार मीटरच्या वर गेले. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, पण त्या तोंडाला लावायला हात उचलेना. दोघे मेले. वाचलेल्या गास्तों तिसांदिये यांनी नंतर लिहिलं की त्रास असा काही जाणवलाच नाही, उलट आनंदच वाटत होता. म्हणून उंचीवर ‘मला बरं वाटतंय’ या शब्दावर फार विसंबू नये.

तर कॅरोटिड बॉडीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, श्वास वाढला, कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला, रक्त अल्कलीकडे झुकलं आणि देठाने लगेच ब्रेक दाबला. नवख्या माणसाची पहिली रात्र या ओढाताणीत जाते. हा ब्रेक सैल करतात मूत्रपिंडं, आणि माझ्या मते या गोष्टीतला खरा नायक तीच आहेत.

रक्ताची आम्लता ठरते बायकार्बोनेट (रक्तातला अल्कलीधर्मी घटक) आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावर. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात बायकार्बोनेट साधारण २४ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल असतो, म्हणजे वीसास एक. या गुणोत्तराला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.४ येतो; हा आकडा वाढला की आम्लता कमी. आता श्वास वाढल्याने कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० वरून ३० वर आला असं धरा. विरघळलेला भाग ०.९ झाला, गुणोत्तर २७ च्या जवळ गेलं आणि पीएच साडेसातच्या वर. दोन मार्ग उरतात. एक, श्वास कमी करून कार्बन डायऑक्साइड परत वाढवायचा, म्हणजे ऑक्सिजन गमवायचा. दुसरा, बायकार्बोनेटच कमी करायचं. २४ वरून ते १८ वर आणलं की गुणोत्तर पुन्हा वीसास एक. श्वास जोरात चालू आणि आम्लता मात्र जिथल्या तिथे!

मूत्रपिंडं हेच करतात. लघवीवाटे बायकार्बोनेट सोडू लागतात, त्याबरोबर सोडियम आणि पाणीही जातं. उंचीवर पहिल्या दिवशी वारंवार लघवीला जावं लागतं त्यामागे हे एक कारण आहे आणि ते चांगलं लक्षण आहे. मेंदूभोवतीच्या द्रवातलं बायकार्बोनेटही हळूहळू उतरतं. सगळं श्रेय अर्थात मूत्रपिंडांचं नाही, कॅरोटिड बॉडीही या दिवसांत अधिक संवेदनशील होत जाते. पण घाई कोणालाच जमत नाही. या कामाला दिवस लागतात. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम या वेगाशी जुळणारा आहे.

झोपेत ही ओढाताण उघडी पडते. माणूस भराभर श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड खाली येतो, ब्रेक लागतो आणि श्वास चक्क काही सेकंद थांबतो. मग ऑक्सिजन घसरतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो, की पुन्हा धापा. शेजारी झोपलेल्याची घाबरगुंडी उडते, पण उंचीवर हे बहुतेक सर्वांचं होतं.

अ‍ॅसेटाझोलामाइड ही गोळी याच जागी काम करते. ती मूत्रपिंडांतलं एक विकर अडवते, त्यामुळे बायकार्बोनेट लवकर बाहेर पडतं आणि ब्रेक सुटतो. ही गोळी उंचीचा आजार झाकते हा समज चुकीचा आहे, ती सरावाच्याच कामाला वेग देते. तरी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. याउलट बाजारात बरंच काही आहे जे काहीच करत नाही. उग्र वासाची पुडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. मेंथॉलसारखे पदार्थ नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतात, श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं, हवा तेवढीच येते. ऑक्सिजनच्या छोट्या डब्यात काही लिटर वायू असतो, तो काही मिनिटांत संपतो आणि शरीराला साठा करता येत नाही. व्यायामाचा ‘उंचीचा मास्क’ हवेची वाट फक्त अरुंद करतो, ऑक्सिजनचा दाब कमी करत नाही.

कमावलेलं शरीरही ढाल ठरत नाही. १९६२ नंतर हिमालयात घाईने वर पोचवलेल्या भारतीय जवानांपैकी १,९२५ जणांच्या उंचीच्या आजाराची नोंद लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केली. तरुण, धडधाकट माणसं होती ही. नुसती डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथे थांबून भागतं. विश्रांती घेतानाही धाप लागत असेल तर फुप्फुसात पाणी होत असल्याची शंका घ्यावी. चालताना तोल जाऊ लागला तर मेंदूला सूज असू शकते. दोन्ही वेळी खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

रक्ताबद्दल थोडक्यात. पेशींत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होतं आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांत नष्ट केलं जातं. ऑक्सिजन घटला की ते टिकतं आणि एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा जनुक चालू करतं, मग अस्थिमज्जेत तांबड्या पेशी वाढतात. या शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं. मात्र जास्त पेशी म्हणजे जास्त फायदा असं नाही. अँडीज पर्वतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या काहींचं रक्त इतकं दाट होतं की तोच आजार होतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात त्याचं वर्णन केलं. तिबेटी लोकांत हिमोग्लोबिन तेवढं चढत नाही. ते अँडीजवासीयांपेक्षा श्वास मात्र जास्त घेतात. हिमोग्लोबिन कमी राहण्याशी जोडलेला त्यांच्यातला ईपीएएस१ या जनुकाचा प्रकार २०१० साली सापडला आणि तो डेनिसोव्हन या लुप्त मानवांकडून आल्याचं २०१४ साली दिसून आलं. पाच वर्षांनी तिबेटच्या पठारावरच्या ३,२८० मीटर उंचीच्या एका गुहेत पूर्वी मिळालेला जबडा डेनिसोव्हनचा असल्याचं त्यातल्या प्रथिनांवरून ठरलं. वय निदान १,६०,००० वर्षं.