उकाड्यात तेलकट चेहरा: आधी गारवा, मग फेसवॉश

त्वचेचं तापमान १ अंश सेल्सिअसने चढलं, की चेहऱ्यावर उतरणारं तेल साधारण १० टक्क्यांनी वाढतं. १९७० साली हे मोजून दाखवण्यात आलं. तापमान चढतं तेवढ्या वेळात तेलग्रंथी काही जास्त तेल तयार करत नाहीत, कारण ते काम कित्येक दिवसांचं असतं. तयार होऊन रोमकूपात, म्हणजे केस उगवतो त्या छिद्रात, थांबलेलं तेल ऊब मिळाली की पातळ होतं आणि झपाट्याने वर येतं. सकाळी स्वच्छ धुतलेला चेहरा उन्हात दोन तास काढल्यावर चकाकतो, तो यामुळे. त्यात धुण्यातली कसर नसते. म्हणून आणखी जोर लावून धुण्याने काही साधत नाही. तापमान खाली आणण्याने साधतं.

तेल आणि घाम चेहऱ्यावर एकत्र दिसले तरी दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. तेलग्रंथी केसाच्या मुळाला लागून असते आणि तिचं तोंड रोमकूपात उघडतं. कपाळ, नाक, हनुवटी, छाती आणि पाठीचा वरचा भाग इथे या ग्रंथी दाट असतात. तळहात आणि तळपायांवर एकही नसते. ग्रंथीतल्या पेशी तेलाने भरतात, फुटतात, आणि फुटलेल्या पेशीच तेल होऊन बाहेर पडतात. याचा वेग प्रामुख्याने अँड्रोजेन गटातली संप्रेरकं ठरवतात, जी स्त्री-पुरुष दोघांच्याही शरीरात असतात. घामग्रंथी मात्र २० ते ४० लाख आणि सर्वांगावर पसरलेल्या. त्यांची नळी रोमकूपाला वगळून थेट त्वचेच्या पृष्ठभागावर उघडते. त्यामुळे घामाने मुरुम होतात असं सरळ म्हणता येत नाही. पण घाम बराच वेळ अंगावर राहिला की त्वचेचा सर्वांत वरचा थर पाणी शोषून फुगतो, रोमकूपाचं तोंड आणखी अरुंद होतं आणि आत आधीच अडलेलं तेल पुरतं कोंडलं जातं.

यातलं ‘आधीच अडलेलं’ फार महत्त्वाचं. डोळ्यांना दिसणाऱ्या मुरुमाची सुरुवात सुमारे ८ आठवडे आधी झालेली असते. रोमकूपाच्या आतल्या मृत पेशी सुट्या होऊन निघून जाण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तेलात मिसळून त्यांचं बारीक बूच बनतं. बुचामागे साठलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो, शरीराची संरक्षणव्यवस्था त्यावर चालून येते आणि लालसर, दुखरी पुटकुळी उठते. उकाडा सुरू होऊन चार-पाच दिवसांत कपाळ भरून पुटकुळ्या येतात, तेव्हा त्यांची बुचं बहुतेक थंड दिवसांतच तयार झालेली असतात. म्हणूनच आलेल्या पुटकुळीवर औषधाचा ठिपका देऊन फारसं साधत नाही. जिथे मुरुम येतात तो अख्खा भाग औषधाखाली ठेवावा लागतो, आणि तोही गरमी पडण्याच्या दोन महिने आधीपासून.

गारवा कुठे आणि कसा

शरीराची उष्णता बाहेर टाकण्याचं मुख्य साधन घाम. १ लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर शरीरातून साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. यातला ‘वाफ झाली तर’ हा भाग लोक विसरतात. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळून गेलेल्या घामाने जवळजवळ काहीच थंडावा मिळत नाही, शरीरातलं पाणी आणि मीठ मात्र जातं. कोरड्या कापडाने सारखा घाम पुसण्यातही हेच नुकसान आहे: वाफ होण्याआधीच आपण तो काढून टाकतो, आणि शरीर पुन्हा नवा घाम गाळतं. शिवाय दर पुसण्याबरोबर मुरुमांवर घर्षण होतं ते वेगळंच.

पण मिठाचा घाम तासन् तास चेहऱ्यावर राहू देणंही मुरुमाळ त्वचेला परवडत नाही. मग करायचं काय? मऊ सुती कापड साध्या पाण्यात भिजवून पिळावं आणि चेहऱ्यावर न घासता पाच-दहा सेकंद दाबून धरावं. घामातलं मीठ कापडात उतरतं आणि वाफ व्हायला पाण्याचा पातळ थर त्वचेवर राहतो. शरीराचं तापमान उतरवण्याचं खरं काम मात्र चेहऱ्याकडून करून घेऊ नये. चेहऱ्याला गार पाणी लागलं की बरं वाटतं हे खरं, पण आतलं तापमान त्याने फारसं हलत नाही. हात कोपरापर्यंत थंड पाण्यात १० ते १५ मिनिटं बुडवून ठेवले, मान, दंड आणि पाय ओले करून वाऱ्यात बसलं, तर मोठ्या क्षेत्रफळातून उष्णता जाते. तळहातांच्या त्वचेखाली रक्ताला थेट पृष्ठभागाजवळ आणणाऱ्या खास वाहिन्या असतात, त्यामुळे हात बुडवण्याचा उपयोग वाटतो त्यापेक्षा बराच जास्त होतो. शरीर थंड झालं की चेहऱ्याकडे धावणारं रक्त कमी होतं, त्वचा निवते आणि तेलाचा ओघही मंदावतो. पंख्याचं मात्र एक पथ्य आहे. हवेचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा थंड जागा गाठावी.

मेंथॉल घातलेले ‘कूलिंग’ फेसवॉश आणि टोनर यांच्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. मेंथॉल त्वचेतल्या थंडी जाणवणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं. तापमान होतं तेवढंच राहतं. वर मुरुमांच्या औषधाने नाजूक झालेल्या त्वचेला ते झोंबतं. अल्कोहोलवाला टोनर उडून जाताना क्षणभर खरोखर गार करतो, पण त्वचेचा संरक्षक थरही सोलवटून टाकतो. बर्फ थेट चोळू नये. एखादी पुटकुळी फार ठणकत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ एक-दोन मिनिटं टेकवून काढावा, सूज थोडी उतरते.

धुणं, किती आणि कसं

‘जास्त धुतलं की त्वचा रागाने आणखी तेल बनवते’ हा समज सर्वत्र आहे. पृष्ठभागावर किती तेल उरलंय हे तेलग्रंथीला कळत नाही. ती संप्रेरकांचं ऐकते. तरीही जास्त धुणं वाईटच, फक्त कारण वेगळं. निरोगी त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर साध्या साबणाचा ९ ते १०. वारंवार साबण लागला की वरच्या थरातली मेदद्रव्यं निघून जातात, त्वचा ओढल्यासारखी होते, आग होते. अशा त्वचेला मग मुरुमांचं औषध सोसत नाही आणि ते अर्ध्यात सोडलं जातं. मुरुम न हटण्यामागे हे कारण फार वेळा सापडतं.

साबणविरहित सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा चेहरा धुणं पुरेसं आहे. खूप घाम आला असेल तर आणखी एकदा, शक्यतो नुसत्या पाण्याने. पाणी साधं किंवा कोमट असावं. फेसवॉश बोटांच्या टोकांनी ३० ते ६० सेकंद फिरवावा, केसांची कड आणि जबड्याची रेघ नीट धुवावी, आणि टॉवेलने टिपावं. दाणेदार स्क्रब टाळावा. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो; उघड्या तोंडाशी असलेलं मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) आणि हवेने ऑक्सिडीकरण झालेलं तेल यांमुळे तो येतो. कितीही घासलं तरी तो निघत नाही, दाह मात्र वाढतो. दुपारी चकाकी नकोशी वाटली तर तेल टिपणारा कागद दाबून उचलावा. तो रोमकूपातलं तेल काढत नाही, पण त्वचेला धक्काही लावत नाही.

मॉइश्चरायझर सोडू नये. तेलकट त्वचेतही पाण्याची कमतरता असू शकते, आणि उकाड्यात जेलसारखं हलकं, ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक आम्ल असलेलं मॉइश्चरायझर पुरतं. त्यात २ ते ४ टक्के नायसिनामाइड असेल तर तेलही थोडं घटतं.

सनस्क्रीनमध्ये लोक चुकतात ते प्रमाणात. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर धरून मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात. तेलकट त्वचेला एवढं लावणं नको वाटतं, म्हणून जेल किंवा पातळ द्रवरूपातलं, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं निवडावं. उन्हात असताना दर दोन तासांनी, आणि घाम वाहून गेल्यावर, पुन्हा लावावं. पण ओल्या घामावर थापू नये. आधी ओल्या कापडाने टिपावं, मिनिटभर वाळू द्यावं, मग लावावं. सावळ्या त्वचेवर मुरुम गेल्यावर काळे डाग महिनोन् महिने राहतात आणि दृश्य प्रकाशानेही ते गडद होतात. अशा वेळी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगछटेचं सनस्क्रीन जास्त उपयोगी. वेष्टनावरच्या ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (रोमकूप न बुजवणारं) या शब्दामागे सर्वमान्य चाचणी नाही. नवं उत्पादन आधी जबड्याजवळच्या लहानशा भागावर काही आठवडे वापरून बघणं हाच भरवशाचा मार्ग.

औषधं

बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं, आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही. २.५ टक्क्यांचं औषध दाहयुक्त मुरुमांवर १० टक्क्यांच्या जवळपास तेवढंच काम करतं आणि त्रास कमी देतं. जास्त टक्क्यांच्या मागे लागू नये. उकाड्यात ते लावून ठेवणं सोसत नसेल तर पाच मिनिटं ठेवून धुवावं. टॉवेल, उशीचा अभ्रा, कपडे यांचा रंग ते उडवतं. उष्णतेने या रसायनाचं विघटन होऊन बेंझिन हे घातक द्रव्य तयार होऊ शकतं, त्यामुळे ट्यूब उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

सॅलिसिलिक आम्ल (०.५ ते २ टक्के) तेलात विरघळतं म्हणून रोमकूपात शिरून बूच सैल करतं. ब्लॅकहेड आणि बारीक दाण्यांसाठी चांगलं.

पण बुचं बनूच न देणारं मुख्य औषध म्हणजे अ‍ॅडापलीनसारखी रेटिनॉइडं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गटातली औषधं. रात्री चेहरा धुऊन पूर्ण वाळू द्यावा, मग वाटाण्याएवढं ०.१ टक्के अ‍ॅडापलीन कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपक्यांनी ठेवून पसरावं. डोळ्यांचे, नाकाचे आणि ओठांचे कोपरे सोडावेत. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून लावावं, वर मॉइश्चरायझर. सुरुवातीला मुरुम वाढल्यासारखे वाटतात आणि बहुतेक जण इथेच हात टेकतात. ८ ते १२ आठवड्यांच्या आत निकाल ठरवू नये. गरोदरपणात किंवा त्याची तयारी असताना रेटिनॉइड लावू नये. तेव्हा अ‍ॅझेलेइक आम्ल चालतं, आणि ते डागांवरही काम करतं.

एक खूण लक्षात ठेवावी. छाती, पाठ किंवा कपाळावर एकाच आकाराचे, खाजणारे बारीक दाणे असतील, त्यांत ब्लॅकहेड दिसत नसतील आणि प्रतिजैविकांनी ते वाढत असतील, तर तो बहुधा मॅलॅसेझिया या यीस्टमुळे झालेला रोमकूपदाह असतो. तो दमट उष्णतेत फोफावतो आणि केटोकोनाझोलसारख्या बुरशीरोधक औषधानेच उतरतो. घामोळं आणखी वेगळं: ते घामाच्या नळ्या बंद झाल्याने येतं, टोचतं, आणि थंड हवेत एक-दोन दिवसांत ओसरतं. त्यावर जाड क्रीम थापलं की नळ्या आणखी बंद होतात. हेल्मेटचा पट्टा, मास्क, पाठीवरची पिशवी यांच्या रेषेतच मुरुम येत असतील तर दोष घर्षणाचा आणि कोंडलेल्या घामाचा; अस्तर रोज धुवावं, पट्टा थोडा सैल करावा, घामाचे कपडे लगेच बदलावेत.

मुरुमांच्या काही गोळ्यांचा उन्हाशी थेट संबंध येतो. डॉक्सिसायक्लिनने त्वचा लवकर भाजते. आयसोट्रेटिनॉइनने त्वचा आणि ओठ कोरडे पडून ऊन सोसत नाही. स्त्रियांना मुरुमांसाठी दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन मूत्रल आहे, म्हणजे लघवीवाटे पाणी जास्त घालवतं, त्यामुळे खूप घाम गेलेल्या दिवशी चक्कर येऊ शकते. ही औषधं चालू असतील तर उन्हाचे दिवस लागण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं, आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि उकाड्यात कोणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजावा, घाम येत असला तरी. रुग्णवाहिका बोलवावी, सावलीत नेऊन घट्ट कपडे काढावेत, सर्वांगावर थंड पाणी ओतत वारा घालावा, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.