मच्छीमारांचा देखावा : कोरीव की ओतीव?

होडीत वाकून जाळे ओढणारे दोघे, वल्ह्यावर जोर देणारा तिसरा, काठावर मासे निवडणारी माणसे. असा छोटा देखावा विकायला आला की 'जुना' आणि 'हाताने कोरलेला' हे दावे जोडीनेच येतात. तपासावे मात्र वेगवेगळे लागतात. कालपरवा कोरलेली वस्तूही हातचीच असते आणि प्लास्टरची ओतीव मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असू शकते.

खरा गोंधळ होतो तो कोरीव लाकूड आणि रेझिनची, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या एका प्रकारच्या प्लास्टिकची, ओतीव प्रत यांच्यात. प्रतीचा साचा पुष्कळदा एखाद्या कोरीव नगावरूनच घेतलेला असतो. पटाशीचे घाव, लाकडाच्या रेषा, एखादा तडासुद्धा त्यात जसाच्या तसा उतरतो. म्हणून घाव दिसले एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मी आधी माणसांचे हात बघतो. लाकूड रेषेच्या दिशेने बळकट असते, रेषेला आडवा बारीक भाग मात्र पटकन मोडतो. मच्छीमारीत तर सगळे हात ताणलेले, दोर खेचणारे, वल्हे धरलेले. उभ्या रेषेच्या लाकडातून माणूस कोरताना आडवा हात त्याच तुकड्यात ठेवला तर तो टिकणार नाही, हे कारागिराला ठाऊक असते. म्हणून अनेकदा हात वेगळ्या तुकड्यातून, रेषा हाताच्या लांबीने धरून कोरतात आणि खांद्याशी खुंटीने किंवा सरसाने बसवतात. तो बारीक सांधा आणि तिथे बदललेली रेषांची दिशा सापडली, की कोरणाऱ्याचा विचारच समोर दिसतो. मला या कामातली ही सर्वांत सुंदर खूण वाटते. साच्याला अशी अडचण नसते. तिथे ताणलेला हात धडासकट एकसंध निघतो.

मग झिजलेले कोपरे बघा. रंग उडालेल्या जागी लाकडात आतही रेषा आणि छिद्रे दिसतात. रेझिनमध्ये खाली एकसारखा पांढरट किंवा बदामी पदार्थ निघतो. काखेत, हनुवटीखाली बुडबुड्यांचे गोल खळगे, कडेने साच्याच्या जोडाची पुसट रेघ, आणि दोन माणसांच्या सदऱ्याला अगदी तीच चुणी, तोच टवका, या ओतीव कामाच्या खुणा. वजन फसवे असते, कारण रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळतात, शिवाय काही लाकडेही जड असतात. खोलगट जागी सारख्या अंतराने समांतर चरे असतील, तर लाकूड खरे, पण कोरणारे यंत्र.

वयाचा प्रश्न यानंतरचा. पॉलिएस्टर रेझिन १९४०च्या दशकात बाजारात आले, तेव्हा त्यात ओतलेला देखावा शंभर वर्षांचा असूच शकत नाही. लाकडाला आडव्या दिशेने जास्त आकसण्याची सवय असते, म्हणून जुनी गोल बैठक दोन दिशांनी मोजली तर थोडी लंबगोल भरू शकते. किड्याची खरी भोके साधारण दीड-दोन मिलिमीटरची असतात आणि आत वळणे घेत जातात. नव्या वस्तूला जुनी भासवण्यासाठी पाडलेली भोके सरळ जातात. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात रुळले. ते दिसले तर दुरुस्ती झाली असेल किंवा वस्तूच नंतरची असेल, एवढेच म्हणता येते.

तापवलेली सुई टोचून बघा, असा सल्ला काही जण देतात. तो कृपा करून पाळू नका. रेझिन ओळखू येईल, पण लाकूड असेल तर चांगल्या कामाला कायमचा डाग पडेल. भिंग आणि तिरका उजेड पुरतो.

बैठक आणि होडी कोरीव, माणसे मात्र ओतून चिकटवलेली, असे मिश्र नगही असतात. त्यामुळे बैठकीचा तळ पाहून निकाल देऊ नये. एकेक मच्छीमार वेगळा तपासावा, आणि जाळ्यामागे दडलेला तर नक्कीच.