अर्धांगवायूनंतरचे व्यायाम आणि घरचा माणूस: पार्श्वभूमी

‘अंगावरून वारं गेलं’ की माणसाला माजघरात निजवायचं आणि लुळ्या हातापायाला तेल चोळत राहायचं, ही कोकणातली जुनी रीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरही बराच काळ विश्रांतीच सांगत. पुढे अंगाचा ताठरपणा आधी उतरवायचा आणि मग चालायचं, ही पद्धत काही दशकं टिकली. १९९०नंतर भर बदलला. जे जमायला हवं तेच पुन्हा पुन्हा करायचं: खुर्चीतून उठणं, कमजोर पायावर भार घेणं, वळणं, पायरी चढणं. 

लवकर उठवावं, पण किती लवकर? २०१५च्या एका मोठ्या चाचणीत २,१०४ रुग्ण होते. पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवलेल्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ५० टक्के. तेव्हापासून इतकी घाई कुणी सुचवत नाही.

आपल्याकडे जास्त महत्त्वाची ठरली ती २०१७ची भारतीय चाचणी: १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. एका गटात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्या एका माणसाला व्यायाम शिकवले, दुसऱ्यात फक्त नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्केच. नवा पुरावा मिळेपर्यंत अशा सेवेवर खर्च करू नये, असं संशोधकांनी लिहिलं. आकडे खरे आहेत, पण ‘घरच्यांना शिकवून काही होत नाही’ हा अर्थ त्यातून निघत नाही. तपासली गेली ती नेहमीचे उपचार मिळत असताना त्यात घातलेली जादा शिकवणी. रुग्णालयातून घरी आल्यावर फिजिओथेरपिस्टचं तोंडही न दिसणाऱ्या खेड्यातल्या रुग्णाचा प्रश्न वेगळा आहे. मुलं मुंबईला, घरी म्हातारी बायको. शिकवा वा न शिकवा, नवऱ्याला उठवणार तीच. न शिकवता ती लुळा हात धरून ओढते आणि खांदा दुखावतो. कमजोर बाजूला उभं राहून कमरेला धरायचं, हे तिला कुणीतरी दाखवायलाच हवं. उंच उंबरठा आणि पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या यांचा सरावही घरीच होणार; रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर तो होत नाही.

गेल्या काही वर्षांत अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. मेंदूत गुठळी झाल्यास ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, त्यामुळे चर्चा बहुतेक त्याचीच होते. डिस्चार्जनंतरच्या महिन्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.