उतारजुळणी (मातीकाम)

भराव किंवा खोदाईचा बाजूउतार ठरावीक प्रमाणात नेल्यावर तो मूळ जमिनीला कोठे टेकतो, हे संगणकीय आराखड्यात शोधण्याची क्रिया. टेकबिंदू जोडून होणाऱ्या रेषेला कार्यालयांत ‘डेलाइट लाइन’, भरावाखाली असल्यास ‘टो लाइन’ म्हणतात.

या क्रियेचा आरंभ साधारणतः 1958 च्या सुमारास धरतात. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मिलर व लाफ्लाम यांनी रस्तेआखणीसाठी अंकीय भूप्रतिमान, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाची आकड्यांतील प्रतिकृती, मांडले. आजचा भर ज्या त्रिकोणजालावर (मोजलेले बिंदू त्रिकोणांनी जोडून केलेला पृष्ठभाग) आहे ते 1970 च्या दशकातले. त्यामागचा गणितज्ञ डेलॉने यांचा भूमितीय नियम मात्र 1934 चा. तथापि लेव्हल (जागेची उंची) घेत, अंतर दुरुस्त करत उतारखुंटी, म्हणजे उतार जमिनीला टेकतो तेथील खुंटी, ठोकण्याची प्रत्यक्ष जागेवरची रीत याहून जुनी असून संगणकाने तीच उजळणी वेगाने केली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

उतार कोणत्या क्रमाने लिहावा, यात एकवाक्यता नाही. ‘2:1’ मध्ये आधी आडवे अंतर धरले तर सपाट जमिनीवर 3 मी. उंच बांधाचा पायथा माथ्याच्या कडेपासून 6 मी.वर येतो, उलट वाचल्यास दीड मीटरवर. जमीन 10 ला 1 ने खाली उतरत असेल तर 6 ऐवजी 7.5 मी., चढत असेल तर 5 मी. जमीनच 2 ला 1 ने उतरत असेल, जसे बालाघाटाच्या कडांवर होऊ शकते, तर दोन्ही उतार समांतर राहतात व जुळणी होतच नाही. अशा वेळी उतार बदलावा लागतो किंवा पायथ्याला संरक्षक भिंत द्यावी लागते.

मराठवाड्यात खरी अडचण मूळ पृष्ठभागाची असते. बांधाच्या माथ्यावर आणि दोन्ही पायथ्यांना लेव्हल घेऊन त्यांची खंडरेषा (उतार जेथे एकदम बदलतो ती रेषा) दिली नाही, तर त्रिकोण बांधावरून सपाट पसरतात. तूर उभी असताना ड्रोन उडवला तर पिकाचे शेंडेच जमीन ठरतात. शेततळ्याच्या खोदाईत वर काळी माती, खाली मुरूम लागतो; दोन्हींना एकच उतार देणे सोयीचे, पण फुगून-आकसून भेगाळणाऱ्या काळ्या मातीला तो सहसा पुरेसा सौम्य ठरत नाही.

कालव्यांवर चूक लांबीने वाढते. जायकवाडीच्या 208 किमी डाव्या कालव्याएवढ्या लांबीत टो लाइन दोन्ही बाजूंना अर्धा मीटर सरकली, तर भूसंपादनात 20.8 हेक्टरांचा फरक पडतो.