‘मुंबई समाचार’ की ‘दर्पण’: पहिलं नेमकं कुठलं?

सहा जानेवारीला, पत्रकार दिनी, सकाळपासून फिरणाऱ्या निरोपांत एक वाक्य हमखास असतं: ‘दर्पण’ हे मुंबईतलं पहिलं देशी वृत्तपत्र. फोर्टात हॉर्निमन सर्कलजवळच्या लाल इमारतीवर ‘मुंबई समाचार’ची पाटी वाचून आलेला कुणी त्यावर सांगतो, छे, पहिलं मराठी पत्र ‘मुंबई समाचार’! दोघंही चुकतात. नावामुळे फसगत होणं साहजिक आहे, ‘मुंबई समाचार’ हे शब्द आपल्याला अगदी घरचे वाटतात. पण ते पत्र पहिल्या अंकापासून गुजराती आहे.

तारखा आधी सांगून टाकतो. ‘मुंबई समाचार’ निघालं १ जुलै १८२२ रोजी, ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी. मुंबईत देशी भाषेतल्या पहिल्या पत्राचा मान गुजरातीचा, आणि मराठी पत्राची सुरुवात ‘दर्पण’पासून. परीक्षेपुरतं एवढं पुरे आहे. पण या दोन पत्रांत फरक फक्त भाषेचा आणि साडेनऊ वर्षांचा असता, तर मी हे लिहायला बसलो नसतो.

‘समाचार’ काढणारे फर्दुनजी मर्झबान मूळचे सुरतचे, आणि पेशानं छापखानेवाले. १८१२ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना घातला, १८१४ साली गुजराती पंचांग छापलं. म्हणजे खिळे, शाई, कागद आणि गिऱ्हाईक या चारही गोष्टी हाताशी आल्यावर त्यांनी पत्र काढलं. त्यांचा वाचक ठरलेला होता. पारशी, भाटिये, बोहरी अशा व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर गुजराती चालायची, आणि कुठलं जहाज बंदरात लागलं, मालाला काय भाव आला, कुठल्या मालमत्तेची विक्री निघाली, हे त्यांना वेळेवर कळायला हवं होतं. ज्या बातमीवर धंदा चालतो तिच्यासाठी माणूस पैसे मोजतो. ‘समाचार’ आधी साप्ताहिक होतं. १८५५ पासून ते रोज निघतं, आणि दोनशे वर्षं उलटून गेल्यावरही चालू आहे.

फर्दुनजींचा स्वतःचा शेवट मात्र एवढा सुखाचा झाला नाही. पारशी पंचांगाच्या ‘कबिसा’ वादात, म्हणजे त्यात अधिक महिना धरायचा की नाही या भांडणात, पत्रानं बाजू घेतली. त्या भांडणाची धग पुढे वर्षानुवर्षं राहिली. फर्दुनजी मुंबई सोडून दमणला गेले आणि १८४७ साली तिथेच वारले.

आता बाळशास्त्री जांभेकर. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा, १८१२ साली जन्मलेला हा मुलगा ‘दर्पण’ काढताना विशीत होता. त्यांच्याकडे व्यापारी वाचक नव्हता. पेशवाई बुडून चौदा वर्षं झाली होती. मराठी लिहिणाऱ्या कारकुनाचा हात रोज मोडीत चालायचा, छापील देवनागरी वाचायची त्याला फारशी सवय नव्हती. नव्या शाळांतून शिकलेल्यांची पहिली फळी नुकती कुठे तयार होत होती, आणि बाळशास्त्री स्वतः त्याच फळीतले. मराठी पत्राला उशीर झाला तो मला वाटतं यामुळे. लिहिणारे होते, पण वाचक अजून घडायचा होता.

म्हणूनच ‘दर्पण’चं पान पाहण्यासारखं आहे. उभे दोन स्तंभ, एक इंग्रजी, एक मराठी. विलायती विद्येची ओळख आपल्या लोकांना व्हावी, आणि देशाच्या भल्याबुऱ्याचा उघड विचार करायला एक जागा असावी, असा हेतू त्यांनी सुरुवातीलाच सांगितला होता. इंग्रजी स्तंभ साहेबाला वाचता येई, मराठी स्तंभ आपल्या माणसाला. ‘समाचार’ आपल्या लोकांशी आपल्या भाषेत बोलत होतं. ‘दर्पण’ एकाच वेळी दोघांकडे तोंड करून उभं होतं. आठवड्याला पुरेल इतका मजकूर दोन भाषांत लिहिणं काय असेल, याचा विचार केला की माझी मान आपोआप लवते. पहिले काही महिने ते पाक्षिक होतं, त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून साप्ताहिक झालं. विधवाविवाहासारखा विषय त्यात चर्चेला आला तो त्या काळात. या कामात गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजे भाऊ महाजन, बाळशास्त्रींच्या सोबत होते.

इथे आणखी एक खड्डा आहे. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ साली ‘समाचार दर्पण’ नावाचं बंगाली पत्र काढलं होतं. आपल्या दोन्ही पत्रांची नावं त्या एकाच नावात बसली आहेत, त्यामुळे घाईत वाचणारा १८१८ हे साल सरळ बाळशास्त्रींच्या नावावर टाकतो. त्याच मिशनऱ्यांचं ‘दिग्दर्शन’ मासिकही १८१८ चंच, आणि बाळशास्त्रींनी १८४० साली मराठीत काढलेल्या मासिकाचं नावही ‘दिग्दर्शन’! नाव आढळलं की आधी शहर पाहावं आणि मग भाषा.

‘दर्पण’ साडेआठ वर्षं चाललं आणि १८४० च्या मध्याला बंद पडलं. त्याच सुमारास, ४ जुलै १८४० रोजी, ‘मुंबई अखबार’ निघालं. अर्धं इंग्रजी असलेलं पत्र मराठीतलं पहिलं कसं म्हणायचं, असं विचारणारे याच ‘अखबार’चं नाव पुढे करतात, कारण ते पूर्ण मराठीत होतं. त्यांचा मुद्दा मला पटत नाही. दोनांतला एक स्तंभ मराठीच होता, आणि मराठीत जाहीरपणे वाद घालायची रीत त्याच स्तंभानं घातली.

बाळशास्त्री मे १८४६ मध्ये गेले. वय अवघं चौतीस. पण त्याआधीच, ऑक्टोबर १८४१ मध्ये, भाऊ महाजनांनी स्वतःचं ‘प्रभाकर’ सुरू केलं होतं. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून छापून येऊ लागली ती याच पत्रात.