टर्फ टाकायचंय? आधी मे महिन्यात दुपारी दोनला जाऊन हात ठेवा

घोडबंदर रोडला नाहीतर नेरुळ-वाशीला रात्री अकराचा स्लॉट बुक करून बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्यांना टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं नकली गवत, भारी वाटतं, वाटणारच, लाईट असतात, चिखल नाही आणि मुख्य म्हणजे ऊन नसतं. पण काही जण म्हणतायत तसं युनिव्हर्सिटीचं अख्खं मैदान उकरून गवताच्या जागी हे हिरवं प्लास्टिक अंथरायचं म्हटलं की मामला वेगळा, कारण पोरं तिथे दुपारीही खेळतात आणि उन्हात टर्फ तापतं.

गवताची मुळं पाणी ओढतात, ते पात्यांतून वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 24 लाख ज्यूल लागतात, म्हणजे बघा केवढं ऊन तिथेच खर्ची पडतं. टर्फची पाती पॉलिएथिलीनची, खाली वाळू आणि जुन्या टायरचे काळे दाणे, उडायला पाणीच नाही मग तापणार नाही तर काय होणार! कडक उन्हात पृष्ठभाग 60-70 अंशांपर्यंत जातो. पाणी मारलं की उतरतो, पण थोड्या वेळाने परत होता तसा. अर्थात हरळीलाही मे महिन्यात पाणी दिलं नाही तर ती वाळते, मग तिचाही गारवा संपलाच.

आता ते दाणे. टर्फवरून घरी येऊन मोजे झटकले की फरशीवर काळा चुरा पडतो ना, तोच. एका फुटबॉल मैदानात तो शंभर टनांच्या आसपास भरतात. आपल्याकडचा जुलैचा पाऊस बघता त्यातला काही गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून ठाणे खाडीत जाणार, जी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि जिथे फ्लेमिंगो चिखलातलंच वेचून खातात. युरोपियन युनियनने 2023 मध्ये नियम करून असे दाणे विकायला 2031 पासून बंदी घातलीय. काथ्या, कॉर्क असे पर्याय आहेत म्हणा, पण ते मुद्दाम मागावे लागतात.

टर्फवाल्यांचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. एकाच मैदानावर क्रिकेट, फुटबॉल, परेड आणि वर गॅदरिंगचा मांडव, एवढं कुठलंच गवत सोसत नाही, त्याला उगवायला सुट्टी लागते. म्हणून कोपऱ्यात सरावापुरता एक छोटा पट्टा टर्फचा केला तर माझी काही हरकत नाही.

टर्फवर पावसाचं पाणी साचत नाही, हे त्यांचं दुसरं कारण मला तितकं पटत नाही. ते साचत नाही ते प्लास्टिकमुळे नाही, खाली खडीचे थर आणि पाईप असतात म्हणून. तेच गवताखाली घाला, वर वाळूमिश्रित माती टाका, पाणी तसंच निचरतं. 2022 ची मुलींच्या अंडर-17 वर्ल्डकपची फायनल नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खऱ्या गवतावरच झाली. तेव्हा टेंडर काढण्याआधी मैदानात दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन बघा, खाली निचऱ्याची काही सोय केलीय की नुसता भराव आहे.